खाटेवरच्या माणसाचा दिवस



कामगार जायबंदी झाला की आमची युनियन नुकसानभरपाईसाठी झगडते. ते केलेच पाहिजे. परंतु भरपाई मिळाली तरी महिनोन्महिने खाटेवर पडलेल्या माणसाचा दिवस कसा सरावा, हा प्रश्न उरतोच.

१९१७ साली जर्मनीत खाणकामगारांच्या एका इस्पितळात लुडविग गटमन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हरकाम्या होता. पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार तेथे आला आणि काही आठवड्यांतच गेला. डॉक्टरांनी आशाच सोडली होती. गटमन पुढे स्वतः डॉक्टर झाला. ज्यू असल्यामुळे १९३९ साली त्याला देश सोडून इंग्लंड गाठावे लागले. १९४४ साली स्टोक मँडव्हिल येथे अशाच रोग्यांचा विभाग त्याच्याकडे आला. दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, हा तेथला नियम. पण जगवलेल्या माणसाने आढ्याकडे पाहत पडून राहावे काय? गटमनने त्यांना सुतारकाम दिले, चाकांच्या खुर्चीवरचे खेळ दिले, हाती धनुष्य दिले. धनुष्य ओढताना दंड, खांदे, पाठ बळकट होतात, बसल्या जागी तोल सावरतो. खेळ हाच उपचार झाला! २९ जुलै १९४८ रोजी १६ जणांनी तिरंदाजीचा सामना खेळला. आजचे पॅरालिंपिक त्यातूनच वाढले.

आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले.

पदक सर्वांना मिळत नाही; ते मुख्यही नाही. खाटेवरच्या माणसाचे सारे दुसरेच करतात. खेळात मात्र त्याची पाळी येते, आणि समोरचा त्याची वाट पाहतो. ‘औषधाला पैसा नाही, तेथे खेळ कसला?’ असे विचारणारे भेटतात. त्यांना माझे सांगणे, कॅरमच्या एका फळीवर आठ-दहा रोग्यांची दुपार निघते.

आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले स्वतःचे, ही कामगारांची जुनी मागणी. त्या शेवटच्या आठ तासांवर रोग्याचाही हक्क आहे. म्हणून आपल्या गावच्या इस्पितळाकडे एक खोली आणि रोजचा एक तास मागा. भेटीला जाताना केळी न्या, सोबत सोंगट्याही न्या. आणि दया म्हणून मुद्दाम हरू नका. त्याला जिंकायचे असेल तर खरोखर जिंकू द्या.