आमच्याकडे तसलं काही होत नाही



१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला आपला सिंधुदुर्ग राज्याच्या गुन्ह्यांच्या तक्त्यात कायम तळाच्या जिल्ह्यांत असतो. इतर बाबतींत तळाला असलो की आपण सरकारला दोष देतो, पण या बाबतीत मात्र अभिमान बाळगतो. मुंबईचा पाहुणा आला की त्याला ऐटीत सांगतो, ‘आमच्याकडे तसलं काही होत नाही.’ आज मला या वाक्याची उलटतपासणी घ्यायची आहे. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं कुठे लिहिलेलं असतं ते तुम्हाला दाखवायचं आहे.

आधी आकडा तयार कसा होतो ते पाहू. पोलिसांकडून पत्रकारांना गुन्ह्यांचं पत्रक जातं. त्याचे रकाने ठरलेले: गु.र.नं., कलम, फिर्यादी, आरोपी, घटना ता. वेळ, गेला माल, मिळाला माल आणि शेवटी हकीगत. ‘मिळाला माल’समोर बहुतेक वेळा ‘निरंक’ असतं. या रकान्यांत जे बसलं त्याचीच पुढे बेरीज होते: ठाण्याची, जिल्ह्याची, राज्याची आणि शेवटी दिल्लीत राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागात देशाची. बेरजेचाही एक नियम आहे. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली, तरी मोजताना त्यातलं सर्वांत गंभीर तेवढंच धरतात. घर फोडलं, ऐवज नेला आणि घरातल्या म्हातारीचा जीव घेतला, तर तक्त्यात एक खून दिसतो. घरफोडी दिसत नाही.

मग या बेरजेला लोकसंख्येनं भागायचं आणि दर लाखामागे किती ते काढायचं. हाच गुन्ह्यांचा दर. आपल्याकडे गोम इथेच आहे. २००१ साली आपण ८ लाख ६८ हजार होतो, २०११ साली ८ लाख ४९ हजार झालो. राज्यात त्या दहा वर्षांत माणसं घटली ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर या तीनच जिल्ह्यांत. २०२१ची जनगणना झालीच नाही, तेव्हा भागाकार अंदाजावर चालतो. दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला लोटणारे पर्यटक आणि गणपतीला येणारे चाकरमानी त्या अंदाजात नसतात. त्यांच्यावर झालेले आणि त्यांनी केलेले गुन्हे मात्र बेरजेत असतात.

आणखी एक गंमत लहान आकड्यांची. समजा एका वर्षी जिल्ह्यात आठ खून झाले आणि पुढच्या वर्षी बारा. लगेच मथळा येतो: ‘सिंधुदुर्गात खुनांत ५० टक्के वाढ’. आकडा बरोबर, अर्थ चूक. साडेआठ लाखांच्या जिल्ह्यात एका वाडीतल्या एका भांडणानं टक्केवारी उलटीपालटी होते. इथे एका वर्षाची तुलना मागच्या वर्षाशी करू नये. निदान पाच-सात वर्षांची सरासरी बघावी.

आकडा वाढला म्हणजे माणसं बिघडली, असंही समजू नका. २०२० साली देशात गुन्ह्यांचा दर ४८७.८ वर गेला. माणसं घरात कोंडलेली असताना गुन्हे वाढले कसे? सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे २०१९ मध्ये २९,४६९ होते, ते २०२० मध्ये ६,१२,१७९ झाले. टाळेबंदीत बाहेर पडलेल्यांवर केसेस झाल्या, म्हणून तक्ता फुगला. आपल्याकडे तीच गोष्ट गोव्याच्या दारूची. पत्रादेवी ओलांडलं की दारूचा भाव आणि कायदा दोन्ही बदलतात. बांदा, इन्सुली, दोडामार्ग या वाटांवर जेवढ्या गाड्या तपासाल तेवढे खोके सापडतील आणि दारूबंदी कायद्याखाली तेवढे गुन्हे चढतील. निवडणूक आली, नाकाबंदी वाढली की हा आकडा उसळी घेतो. त्या आकड्यातून तस्करी किती हे कळत नाही, तपासणी किती झाली हे कळतं.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: तक्ता नोंदींचा असतो. आता नोंद न झालेल्या गोष्टींकडे वळू.

आपल्या गावातलं नेहमीचं भांडण घ्या. दोन भावांच्या आगरामधला चिऱ्याचा गडगा पावसाळ्यात ढासळतो. थोरला तो पुन्हा रचतो, पण धाकट्याच्या म्हणण्याप्रमाणे हातभर आत सरकवून रचतो. फणसाचं एक झाड या भानगडीत पलीकडे जातं. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली सतरा नावं, त्यातली बारा मुंबईला. शिवीगाळ होते, ढकलाढकली होते, धाकटा ठाण्यावर जातो. ठाणे अंमलदार ऐकून घेतो, अदखलपात्र म्हणून एनसी लिहितो, नक्कल हातात देतो आणि ‘कोर्टात दाद मागा’ असं सांगतो. धाकटा ती नक्कल पिशवीत घालून घरी येतो. त्याच्या दृष्टीनं तक्रार झालेली असते. गुन्ह्यांच्या दरात तिचा पत्ता नसतो. असेच कागद दहा वर्षं साठतात आणि एक दिवस कोयता निघतो. मग आपण म्हणतो, ‘क्षुल्लक कारणावरून खून.’ कारण क्षुल्लक नव्हतं; ते नोंदलेलं असूनही कोणी मोजत नव्हतं, एवढंच.

यावर उपाय सुचला नव्हता असं नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावात मिटावेत हा हेतू चांगला होता आणि पुष्कळ बांधांचे वाद मिटलेही. पण गावाला बक्षीस तंटामुक्त ठरण्याबद्दल मिळू लागलं की तंटा मिटवणं आणि तंटा झाकणं यांतला फरक पुसट होतो. बांधाचा वाद देवळात मिटवा. मुलीच्या अंगावर हात टाकणाऱ्याचा वाद देवळात मिटवता येत नाही.

हा मुद्दा जरा सावकाश मांडतो, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची हे धोरण आपण सर्वांत जास्त इथेच चालवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाचव्या फेरीनुसार, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशातल्या स्त्रियांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत ९५ टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचाच असतो. आपल्या जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, बायका गावात, ही आपली जुनी रीत. घरोघरी एकट्या बायका, एकटे म्हातारे, आणि ठाणं दोन एसट्या बदलून गाठायचं. अशा ठिकाणी तक्रारी कमी आल्या तर त्याचं श्रेय शांततेला किती द्यायचं आणि अंतराला किती? केरळ घ्या. आपल्यासारखाच समुद्रकिनारा, आपल्यापेक्षा जास्त शिक्षण, आणि गुन्ह्यांचा दर वर्षानुवर्षे देशात वरच्या राज्यांत. केरळची माणसं आपल्यापेक्षा वाईट आहेत असं कोणी म्हणेल का? तिथे माणूस ठाण्यात जातो आणि ठाणं लिहून घेतं.

कमी गुन्ह्यांचं आणखी एक सरळ कारण आहे. मारामाऱ्या आणि चोऱ्या जगभर प्रामुख्यानं तरुण पुरुष करतात. आपले तरुण लालबागला, दिव्याला, विरारला आहेत. आपण वर्षानुवर्षं आंब्याच्या पेट्या आणि पोरं मुंबईला पाठवली. त्यांच्याबरोबर त्यांच्या वयाचे गुन्हेही तिकडच्या ठाण्यांत गेले.

आता समुद्राकडे येऊ. किनाऱ्याची सुरक्षा म्हटलं की आपल्याला १९९३ आठवतं, आणि आठवायलाच हवं. त्या फेब्रुवारीत रायगडातल्या शेखाडीला स्फोटकं उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. पुढे त्या खटल्यात कस्टम आणि पोलीस खात्यातली माणसंही दोषी ठरली. नोव्हेंबर २००८ मध्ये मारेकरी पुन्हा समुद्रातूनच आले आणि मुंबईत बधवार पार्कच्या किनाऱ्यावर त्यांना आधी हटकलं ते मच्छीमारांनी. त्यानंतर सागरी ठाणी, गस्तीनौका, ओळखपत्रं, ‘सागर कवच’च्या कवायती आल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला तीन एके-४७ असलेली नौका लागली तेव्हा सगळा किनारा हादरला. ती ओमानजवळ सोडून दिलेली आणि वाहत आलेली निघाली. पुढच्याच वर्षी दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. किनाऱ्यावर नजर ठेवणारा पहिला माणूस अजूनही पहाटे होडी लोटणारा मच्छीमारच आहे.

आणि त्याच मच्छीमाराचं गाऱ्हाणं तक्त्यात कसं दिसतं पाहा. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर राज्याच्या सागरी हद्दीत घुसतात, पर्ससीनवाले बंदी असलेल्या पाण्यात जाळं टाकतात, रात्री एलईडीचे दिवे लावून मासळी खेचतात. एलईडी मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. राज्यानं आपला १९८१चा सागरी मासेमारी कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून लाखांचे दंड ठेवले. पण हा मामला मत्स्यव्यवसाय खात्याचा, त्याचा निवाडा तिथल्या अधिकाऱ्याकडे. पोटावर पाय आला म्हणून पारंपरिक मच्छीमारांनी तो ट्रॉलर पकडून बंदरात आणला आणि तिथे हाणामारी झाली, की ते मात्र दंगलीचं कलम, पोलीस ठाणं, अटक. ज्यानं समुद्र लुटला तो पोलिसांच्या तक्त्यात नाही. ज्यानं त्याला अडवलं तो आहे. कायदा हातात घेऊ नये हे मलाही मान्य आहे. पण नुसता तक्ता वाचून कोणी ‘किनाऱ्यावर दंगेखोर वाढले’ असं अनुमान काढलं, तर ते किती न्यायाचं?

आता खुनांपेक्षा जास्त माणसं कशानं मरतात ते सांगतो. देशात २०२२ मध्ये २८,५२२ खून झाले. त्याच वर्षी १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि ३८ हजारांहून अधिक बुडून मेली. म्हणजे खुनांपेक्षा बुडणारे जास्त. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या महाविद्यालयातले आठ जण बुडाले. त्याआधीच्या वर्षी १ फेब्रुवारीला रायगडात मुरुडला पुण्याची चौदा मुलं गेली. असे मृत्यू ठाण्यात ‘अ.मृ.’ म्हणून, अकस्मात मृत्यू म्हणून, वेगळ्या वहीत नोंदतात. त्यांना फिर्यादी नाही, आरोपी नाही, म्हणून गुन्ह्यांच्या दरात ते नाहीत. ओहोटीच्या वेळी पाणी मागे खेचतं हे वायरीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. घाटावरच्या मुलाला ते सांगायचं कोणी? फलक, शिट्टी आणि पगारी जीवरक्षक यांनी. एका जीवरक्षकाच्या पगारात जेवढे जीव वाचतील, तेवढे दुसऱ्या कोणत्या खर्चात वाचतील असं मला वाटत नाही. महामार्ग क्रमांक ६६चंही तेच. भरधाव चारपदरी रस्ता गावाच्या मधून गेला, आणि शाळेची पोरं व गुरं तो ओलांडू लागली.

दार उघडं टाकून झोपणाऱ्यांना आणखी एक सांगतो. चोर हल्ली दारानं येतच नाही. राज्यात ज्येष्ठांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या जिल्ह्यांत आपण आहोत. निवृत्त मास्तर घरी एकटे, मुलगा पुण्याला, खात्यात फंडाचे पैसे. फोनवर खाकी गणवेशातला माणूस दिसतो, ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, डिजिटल अरेस्ट आहे, कोणाला सांगू नका.’ भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची चीजच नाही. मास्तर घाबरतात, पैसे पाठवतात आणि लाजेनं गप्प बसतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय सायबर पोर्टलवर सुमारे १६ लाख तक्रारी आल्या. त्याच वर्षी देशभर सायबर गुन्हे नोंदले गेले ८६,४२०. सोळा लाख कुठे आणि शहाऐंशी हजार कुठे!  १९३० हा नंबर आत्ता मोबाइलमध्ये साठवा. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते खात्यातच गोठवता येतात. दुसऱ्या दिवशी केला तर बहुधा उशीर झालेला असतो.

आणि भीती मात्र कोणाची? बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळ्याची, बोटीवरच्या परप्रांतीय खलाशाची. त्यांची नोंद ठाण्यात करावी, ती मालकाचीच जबाबदारी आहे. पण त्यांच्यावर डोळे रोखून बसताना घरातला, नात्यातला आणि फोनवरचा माणूस आपल्या नजरेतून निसटतो.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. पुढच्या ग्रामसभेत पोलीस पाटील आणि बीट अंमलदार यांना बोलवा आणि चार आकडे मागा: गुन्हे किती, एनसी किती, अकस्मात मृत्यू किती, बेपत्ता किती. चारही वह्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय गाव सुरक्षित आहे की नाही हे ठरवू नका. १ जुलै २०२४ पासून नवा फौजदारी कायदा आहे. आता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. तक्रार ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेणं पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलं आहे. हा हक्क वापरा, आणि शेजारची बाई तो वापरायला निघाली तर तिला अडवू नका. तिच्याबरोबर ठाण्यापर्यंत जा. त्यामुळे पुढच्या वर्षी जिल्ह्याचा आकडा वाढला, तर मी तरी त्याला चांगली बातमी म्हणेन.