निगेटिव्हपासून छापील चित्रापर्यंत



आजच्या भाषणाचा विषय दिसावयास लहान आहे. अनेक घरांच्या माळ्यावर, बिस्किटांच्या जुन्या डब्यांत किंवा लग्नाच्या अल्बमच्या शेवटच्या पाकिटांत फिल्मच्या कांहीं तपकिरी-काळ्या पट्ट्या पडून असतात. घर बदलतांना किंवा दिवाळीची झाडलोट करतांना त्या हातीं येतात, आणि “फोटो तर आहेतच, यांचें काय करावयाचें?” असें म्हणून कोणीतरी त्या केरांत टाकतें. वस्तुतः फोटो गेला तर निगेटिव्हवरून तो पुन्हां छापतां येतो. निगेटिव्ह गेली म्हणजे मात्र मूळच गेलें. या पट्ट्या स्कॅन करवून, म्हणजे संगणकावर उतरवून, त्यांवरून चांगलीं चित्रें कशीं छापून घ्यावीं, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम हें पाहूं कीं, हातीं असलेल्या जुन्या फोटोवरून नक्कल न करितां निगेटिव्हकडेच कां जावें. कागदावरील फोटो ही मुळाची नक्कल होय. कॅमेऱ्यांत जेवढ्या उजेड-अंधाराच्या छटा फिल्मवर उमटतात, तेवढ्या सर्व कागदावर उतरत नाहींत. शिवाय कागद पिवळा पडतो, चुरगळतो, अल्बमच्या कांचेसारख्या आवरणास चिकटतो. निगेटिव्हवर हे सर्व तपशील बहुधा शाबूत असतात.

पण निगेटिव्हही अमर नव्हे. कृष्णधवल फिल्मवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचें असतें. फिल्म धुण्याचें काम नीट झालें असेल तर तें फार काळ टिकतें. रंगीत फिल्मवर चांदी राहत नाहीं. तेथें चित्र रंगद्रव्यांचें असतें, आणि हीं द्रव्यें अंधारांतही हळूहळू विटतात. उष्णता व दमट हवा लाभली तर अधिकच वेगानें. आपल्याकडील पावसाळ्यांत फिल्मवरील जिलेटिनच्या थरास बुरशी लागते, कारण जिलेटिन हें तिचें अन्नच आहे. ॲसिटेटची जुनी फिल्म कुजूं लागली म्हणजे तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो व ती आक्रसते. असा वास आला तर ती पट्टी इतरांपासून वेगळी काढावी आणि तिचें काम प्रथम उरकावें. त्यानंतर १९७० ते १९९० च्या दशकांतील रंगीत निगेटिव्ह घ्याव्या. कृष्णधवल थोड्या थांबूं शकतात.

आतां गणिताकडे वळूं. फिल्म घेऊन दुकानांत जाणारा मनुष्य सहसा एवढेंच म्हणतो कीं, “हें स्कॅन करून द्या.” कपडा किती हवा हें न सांगतां सदरा शिवावयास टाकण्यासारखाच हा प्रकार झाला. चित्र केवढें छापावयाचें, हें आधीं ठरलें पाहिजे. हातांत धरून पाहावयाच्या चित्रांत दर इंचास ३०० ठिपके असावे असा सामान्य दंडक आहे. समजा, आपणांस ८ × १२ इंचांचें चित्र हवें आहे. १२ इंचांस ३०० नीं गुणिलें म्हणजे ३६०० ठिपके झाले. नेहमींच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्राची लांबी ३६ मिलिमीटर असते. म्हणजे फिल्मच्या प्रत्येक मिलिमीटरांतून १०० ठिपके घेतले पाहिजेत. एका इंचांत २५.४ मिलिमीटर, तेव्हां स्कॅन इंचास २५४० ठिपक्यांचा हवा. आग्फा क्लिक-थ्रीसारख्या कॅमेऱ्यांतून निघालेली १२० नंबरच्या फिल्मवरील चौरस निगेटिव्ह सुमारें ५६ मिलिमीटरांची असते. तिच्यावरून १२ इंच चौरस चित्र काढावयास इंचास सुमारें १६३५ ठिपके पुरतात. निगेटिव्ह मोठी, तर ताण कमी.

येथें एक सावधगिरी सांगतों. सपाट कांचेच्या साध्या स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० सारखा मोठा आंकडा छापलेला असतो. प्रत्यक्ष तपशील पुष्कळदां त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतो. बाकीचे ठिपके केवळ भरताड होत. लहान फिल्मकरितां खास फिल्मचा स्कॅनर, किंवा चांगल्या भिंगाच्या डिजिटल कॅमेऱ्यानें प्रकाशपेटीवर घेतलेली प्रतिमा, हीच वाट बरी.

हें गणित कोरडें वाटेल, म्हणून त्याचा एक प्रत्यक्ष उपयोग सांगतों. आमच्या शाळेंतील १९८६ सालच्या दहावीच्या वर्गाचा एक समूहफोटो होता. त्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचें कुटुंब पुढें सांगलीस राहावयास गेलें. तो मुलगा ऐन उमेदींत निवर्तला, आणि २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरांत घरचे सर्व अल्बम चिखलांत गेले. त्याच्या मातोश्रींनीं शाळेकडे विचारणा केली. कार्यालयांतील भिंतीवरचा फोटो इतका पिवळा पडला होता कीं, मागच्या रांगेंतील चेहरे ओळखूं येत ना. पण कपाटांत निगेटिव्हचें पाकीट सांपडलें. एका दुकानानें तिची १८०० × १२०० ठिपक्यांची फाईल करून दिली. पोस्टकार्डाएवढ्या चित्रास ती पुरेशी होती. परंतु एका रांगेंत पंधरा मुलें उभीं असलीं म्हणजे ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर एकेका चेहऱ्याची रुंदी एक मिलिमीटरच्या आसपास भरते. त्या फाईलींत मुलाच्या वांट्यास पन्नासच ठिपके आले. चित्र मोठें केलें तेव्हां मुखाच्या जागीं नुसते चौकोन दिसूं लागले. मग दुसरीकडे तीच पट्टी इंचास ३८०० ठिपक्यांनीं स्कॅन करविली व १२ × १८ इंचांचें चित्र छापलें. आतां चेहरा अर्ध्या इंचाचा झाला व त्यांत दीडशें ठिपके आले. डोळे, भांग, कॉलरचीं टोकें स्पष्ट उमटलीं. मातोश्रींनीं मुलावर बोट ठेविलें आणि त्याच्या दोहों बाजूंच्या मुलांचीं नांवेंही सांगितलीं. तीं आम्हां शिक्षकांपैकीं कोणास आठवत नव्हतीं.

सारांश, दुकानदाराशीं बोलतांना चार गोष्टी स्पष्ट कराव्या. पहिली, छपाईचा आकार व त्यावरून ठिपक्यांची संख्या. दुसरी, मूळ प्रत टिफ पद्धतीच्या फाईलींत, शक्य तर १६ बिटची द्यावी. ८ बिटच्या फाईलींत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, १६ बिटच्या फाईलींत ६५,५३६. विटलेले रंग पुन्हां सांवरावयाचे असतील तर हा साठा उपयोगी पडतो. जेपेगची फाईल लहान असते, पण ती कांहीं तपशील गाळूनच लहान झालेली असते. पाहण्यास व पाठविण्यास ती ठीक. तिसरी गोष्ट धुळीची. अवरक्त किरणांनीं धूळ शोधून पुसून टाकण्याची युक्ति रंगीत फिल्मवर उत्तम चालते, कारण रंगद्रव्यें त्या किरणांस पारदर्शक असतात. कृष्णधवल फिल्मवर ती चालवूं नये; तेथील चांदी किरणांस अडविते व यंत्र चित्रालाच धूळ समजतें. तेथें फुंकणीनें धूळ उडवून, सुती हातमोजे घालून, पट्टी कडेनेंच धरावी. चौथी गोष्ट, पट्टी उलटी तर बसली नाहीं ना, हें पाहावें. दुकानाच्या पाटीवरील अक्षरें किंवा मनगटावरील घड्याळ त्याची साक्ष देतें.

काम झाल्यावर निगेटिव्ह परत मागून घ्यावी, आणि ती टाकूं नये. फाईल हा मुळाचा पर्याय नव्हे. उद्यां अधिक चांगलें यंत्र निघालें तर पुन्हां मुळाकडेच जावें लागेल. पट्ट्या पी.व्ही.सी.च्या पाकिटांत न ठेवतां आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, कोरड्या व थंड जागीं ठेवाव्या. माळा ही त्यांची जागा नव्हे. फाईलींच्या दोन प्रती निरनिराळ्या डिस्कवर करून एक दुसऱ्या घरीं ठेवावी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठविलेलें चित्र आक्रसून जातें. तें छपाईकरितां वापरूं नये.

शेवटीं एक विनंति. चित्र छापून आलें म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या मंडळींसमोर ठेवा, आणि त्या सांगतील तीं नांवें, गांव व साल मागील बाजूस मऊ पेन्सिलीनें लिहून ठेवा. यंत्र चेहरा परत आणील. तो कोणाचा, हें सांगणारीं माणसें मात्र यंत्रास आणतां यावयाचीं नाहींत. याकरितां हें काम पुढील सुटीवर न टाकतां याच महिन्यांत हातीं घ्यावें, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.