नायकपद कोणाला?

(नंदुरबार जिल्ह्यातील एका कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



काल सायंकाळी आपल्या शिबिरातील तरुणांचा कबड्डीचा सामना झाला. सर्वांत अधिक गुण मिळवून देणारा चढाईपटू धडगावकडच्या एका पाड्यावरचा होता; संघनायक मात्र शहरातला, प्रमाण मराठी सफाईने बोलणारा. निवड एकमताने झाली. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते, आणि म्हणूनच मला ती खटकली. ‘खेळ आणि समाज’ या विषयावर बोलण्याचे मी कबूल केले होते. त्याऐवजी एका खेळाडूचे आयुष्यच सांगतो.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील सैन्यात नोकरीस होते. बाळू पुण्यात वाढले व तेथील युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर कामास लागले. खेळपट्टीची निगा राखावी, सरावाची जाळी लावावी आणि साहेबांना गोलंदाजी करावी, असे त्या कामाचे स्वरूप होते. ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला त्यांनी शेकडो तास चेंडू टाकले. त्यांची डावखुरी फिरकी तेथेच घोटली गेली. परंतु तेथे त्यांच्या हाती बॅट मात्र कधी देण्यात आली नाही. साहेबांनी त्यांचे श्रम विकत घेतले होते. खेळण्याचा हक्क त्यात धरलेला नव्हता.

युरोपियनांना हरवायचे तर बाळूंवाचून गत्यंतर नाही, हे पुण्यातील हिंदू क्लबच्या सवर्ण सभासदांना उमगले, तेव्हा त्यांना संघात घेण्यात आले. त्यांनी टाकलेला चेंडू मैदानावर सर्वांनी हाताळावा; चहाच्या वेळी मात्र त्यांनी बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा घ्यावा! पुढे ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती.

इतके होऊनही हिंदू संघाचे नायकपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९१३ साली नायक झालेल्या एम. डी. पै यांनी, हा मान ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंचा होता, असे जाहीरपणे सांगितले. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले. अंतिम सामन्यासाठी मग तिघांनाही बोलवावे लागले, आणि बाळू उपनायक झाले. विठ्ठल १९२३ साली नायक झाले. त्या वर्षी हिंदू संघ जिंकलाही. इतक्या वर्षांच्या बळींनी जे दिले नाही, ते भावांच्या असहकाराने दिले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो निराळाच खेळ आहे, त्यात क्वार्टरबॅक हा डाव आखतो व चेंडू कोणाकडे जावा हे ठरवितो. काळ्या खेळाडूंना धावण्यासाठी, अडविण्यासाठी घेतले जाई. ही जागा मात्र बुद्धीची, म्हणून गोऱ्यांची, असा दीर्घकाळ समज होता. १९८८ च्या जानेवारीत डग विल्यम्स या काळ्या क्वार्टरबॅकने वॉशिंग्टनच्या संघाला ४२-१० असा अंतिम सामना जिंकून दिला, तेव्हा त्या समजाला मोठा तडा गेला.

बाळूंचे पुढचे आयुष्य आपल्याला अधिक जवळचे आहे. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि बाबासाहेब विजयी झाले. बाळूंच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण ज्या समाजाला ते नायक म्हणून चालले नाहीत, त्याच समाजातील पुढाऱ्यांना ते बाबासाहेबांसमोर उमेदवार म्हणून बरे चालले! १९५५ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या मोर्चांत सातपुड्यातून पायी येणारे किती असतात आणि समितीत बसून ठराव लिहिणारे कोण असतात, हे आपण जाणतो. आज सायंकाळी पुन्हा सामना आहे. नायक ठरविण्यापूर्वी त्या चढाईपटूला निदान विचारावे, अशी माझी विनंती आहे.