एकट्याचं हलकं पाल



भातलावणीच्या दिवसांत मावळातून किंवा कोकणातून गेलात, तर खाचरात वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरलं दिसे. अजूनही कुठं कुठं दिसतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचा थर. दोन्ही हात मोकळे आणि पाठ कोरडी. एका माणसाच्या मापाचं ते छप्परच म्हणा ना! डोंगरात एकट्यानं हिंडणाऱ्यानं पाठीवर कसलं छप्पर न्यावं, याविषयी आज बोलायचं आहे. तंबू हा शब्द त्याला फार मोठा होतो. आपल्याकडे भटक्या लोकांच्या तळावर जे असतं ते पाल, तोच शब्द मी वापरतो.

एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकानं 1860 नंतरच्या दशकात आल्प्ससाठी एक तंबू बेतला होता. चौघांचा तो तंबू सुमारे 23 पौंडांचा, म्हणजे साडेदहा किलोंच्या जवळपास. पुढे ममेरीनं, जो 1895 साली नंगा पर्वतावर गेला, छोटा रेशमी तंबू वापरला आणि त्याला खांब म्हणून हातातल्या बर्फाच्या कुऱ्हाडीच लावल्या. मला त्याची ही युक्ती फार आवडते. जी वस्तू चालताना हातात असतेच, तिलाच रात्री खांब करायचं. आपल्याकडे ती वस्तू म्हणजे काठी.

आता मापं सांगतो. शिक्षक मंडळींनी हवं तर फळ्यावर आकृती काढावी. निजण्यासाठी माणसाला दोन मीटर लांबी पुरते, पण तिरका पाऊस आत येतो म्हणून आढं पावणेतीन ते 2.8 मीटर धरावं. पुढे मीटरभर उंची ठेवावी, तेवढ्यात बसता येतं. मागे 60 सेंटिमीटर पुरेत, तिथं फक्त पाय असतात. कापड पुढे 2.4 मीटर रुंद आणि मागे 1.6 मीटर. एकूण भरलं 5.6 चौरस मीटर. सिलिकॉन चढवलेलं पातळ नायलॉन चौरस मीटरला 50 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे छप्पर 280 ग्रॅमचं. आठ मेखा, तणावे आणि खाली अंथरायला प्लॅस्टिकचा पातळ कागद धरून सारा संसार साडेसहाशे ग्रॅमच्या आत बसतो. तेवढंच कापड कॅनव्हासचं घेतलं, तर कोरडंच दोन किलो होईल, आणि भिजलं की विचारू नका.

पण हलकेपणाच्या नादात मी एकदा चांगलाच फसलो आहे. 2014 च्या ऑक्टोबरात हरिश्चंद्रगडावर माझं पहिलं घरी शिवलेलं पाल घेऊन गेलो होतो. वजन वाचवायचं म्हणून कोपऱ्यांना ठिगळं लावली नव्हती. तणाव्याची फितीची कडी नुसत्या काठाला शिवलेली. त्यात जागा निवडली उघड्या पठारावर. कोकणातून आलेला वारा कड्याला धडकून वर चढतो, हे ठाऊक असूनही! रात्री गडगडाट सुरू झाला आणि एका झोतासरशी पुढचा कोपरा टरकन फाटला. पुढचा अर्धा तास मी ओल्या कपड्यांत, काळोखात, काठीला गाठ मारण्याची खटपट करीत होतो. बोटं ऐकेनात. थरकाप थांबेना. आपल्या सह्याद्रीत थंडीनं काय होतंय, असं मी तोवर म्हणत असे. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की बर्फाची गरज पडत नाही, बरं का. शेवटी सगळं गुंडाळून चाचपडत देवळाकडे गेलो, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.

घरी आल्यावर हिशेब मांडला, तो जाण्यापूर्वी मांडायला हवा होता. ताशी 36 किलोमीटरचा वारा सरळ आदळला, तर चौरस मीटरवर सुमारे सहा किलोंचा दाब येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे चोवीस किलो. पालाची एक बाजू 2.8 चौरस मीटरची. तेव्हा ताशी 72 किलोमीटरच्या झोतात तिच्यावर सदुसष्ट किलोंपर्यंत जोर पडू शकतो. उतरत्या बाजूवर तो कमी होतो खरा, पण जो काही पडतो तो अखेर चारदोन टाक्यांवर येतो.

म्हणून कोपऱ्याला दोन पदरी ठिगळ लावावं आणि कडी त्या सगळ्या पदरांतून शिवावी. दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको, तो कुजतो. आढ्याची शिवण दुमडून दुहेरी घालावी आणि सुईच्या भोकांवर सिलिकॉन चोपडावं. आढं सरळ रेषेत न कापता, दोन खिळ्यांना सैल टांगलेली साखळी जशी किंचित झोल घेते, तसा वाक देऊन कापलं तर कापड चोहोबाजूंनी ताठ राहतं, फडफडत नाही. आमच्या गावच्या शिंप्याला हे पटवायला दोन चहा लागले!

पालाची मागची ठेंगणी बाजू वाऱ्याकडे करावी. नायलॉन भिजलं की सैलावतं, तेव्हा निजण्यापूर्वी तणावे पुन्हा ओढावेत. खालून बोटभर फट ठेवावी. श्वासातली वाफ छताला आतून दवासारखी धरते आणि पहाटे तोंडावर टपकते. नवखा माणूस पाल गळतं म्हणून शिंप्याला बोल लावतो. आणखी एक. हरिश्चंद्रगडाचा मुलूख 1986 पासून अभयारण्यात आहे. मुक्कामाचे नियम वनखात्याला विचारून जावं आणि खांबासाठी झाड तोडू नये.

नवं पाल आधी शाळेच्या अंगणात ठोकावं. पोरांकडून त्यावर चार बादल्या पाणी ओतवून घ्यावं आणि आपण आत बसावं. माझ्या दुसऱ्या पालाची परीक्षा अशीच झाली. पहिल्याच्या कापडातून पिशव्या शिवल्या, आणि नव्याच्या मेखा त्यातल्याच एका पिशवीत असतात.