आडवाटेची गाडी आणि प्लॅस्टिकच्या विटा

(विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त भरविलेल्या विज्ञान व हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी झालेले भाषण)



मूल पुस्तक घेऊन बसले की ते शिकते आणि ठोकळे घेऊन बसले की वेळ दवडते, अशी सरळ वाटणी घराघरांत केलेली आढळते. शिक्षणशास्त्राने ही वाटणी फार पूर्वीच नाकारली. जर्मनीतील फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साध्या लाकडी ठोकळ्यांना शिक्षणसाधनाचा मान दिला. भारतात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचा जो प्रयोग उभा केला, त्याच्या केंद्रस्थानी मुलाचे हात होते. एका मराठी शिक्षिकेने गुजरातेत जाऊन केलेले ते काम बृहन्महाराष्ट्रातील प्रत्येक मराठी शाळेने अभिमानाने आठवावे असेच आहे.

या प्रदर्शनात एका टेबलावर प्लॅस्टिकच्या विटांतून जुळविलेल्या, खडकाळ वाटेने जाणाऱ्या गाड्या मांडल्या आहेत. त्यांच्याकडे पाहून कौतुकाने हसावे आणि पुढे जावे, असे अनेकांना वाटेल. परंतु त्या गाड्यांजवळ थोडे थांबणे अगत्याचे आहे. एखादी वस्तू स्वतःच्या बुद्धीने योजावी, ती अडली म्हणजे कारण शोधावे आणि पुन्हा घडवावी, ही शिक्षणातील सर्वांत मोलाची साखळी त्या टेबलावर उघड्या डोळ्यांना दिसते.

प्रथम त्या विटेविषयी. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावी ओले कर्क क्रिस्चियनसेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. ‘चांगले खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून ‘लेगो’ हे नाव जुळविण्यात आले. वर गोल खुंट्या आणि आत पोकळ नळ्या असलेल्या आजच्या विटेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. त्या काळची वीट आज तयार झालेल्या विटेत घट्ट बसते. याचे रहस्य मापाच्या शिस्तीत आहे. दोन खुंट्यांच्या केंद्रांमधील अंतर ८ मि.मी., विटेची उंची ९.६ मि.मी. आणि पातळ पट्टीची उंची ३.२ मि.मी.; म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक वीट. ही शिस्त इतकी काटेकोर असूनही तिच्यात केवढे स्वातंत्र्य सामावले आहे! आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या केवळ सहा विटा घेतल्या, तरी त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञांनी मोजून दाखविले आहे. १९७७ पासून या विटांच्या जोडीला दातेरी चाके, आस आणि छिद्रांच्या दांड्या आल्या आणि चालती-फिरती यंत्रे घडविणे मुलांच्या आवाक्यात आले. ज्यांच्या बालपणी घरात लोखंडी पट्ट्यांचा मेकॅनो होता, अशा ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना त्याचे हे नवे रूप ओळखीचे वाटेल.

आता रचनेकडे वळावे. गाडी घडवायची म्हणजे आधी तिचा सांगाडा घ्यावा, असे नवख्याला वाटते. अनुभवी मूल टायरपासून आरंभ करते, कारण विटा हव्या तेवढ्या जोडता येतात, टायर मात्र ठरावीक मापांचेच मिळतात. उदाहरणार्थ, दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीप घ्यावी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ‘जीप’ हा शब्द खेड्यापाड्यांतही रुळला. युद्धकाळातील त्या जीपच्या टायरचा व्यास सुमारे ७२५ मि.मी. होता. संचातील एका टायरचा व्यास ६२.४ मि.मी. आहे. म्हणजे प्रतिकृती मूळ गाडीच्या सुमारे साडेअकरा पट लहान झाली. मूळ गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २०३२ मि.मी.; या प्रमाणात ते सुमारे १७५ मि.मी. येते आणि ८ ने भागले असता २२ छिद्रे मिळतात. रुंदी १५७५ मि.मी.; तिची १७ छिद्रे होतात. १७ ही विषम संख्या असल्याने बरोबर मधोमध एक छिद्र उरते आणि चाकांना गती पुरविणारा मुख्य आस त्यातून सरळ नेता येतो. सातवीच्या वर्गात गुणोत्तर आणि प्रमाण हे प्रकरण कंटाळवाणे वाटणारे मूलही हा हिशेब न सांगता मांडते. उत्तर चुकले तर गाडी बेढब दिसते, हे त्याला ठाऊक असते.

अशी पहिली गाडी सपाट फरशीवर सुरेख धावते. खरी परीक्षा पुढे असते. वाटेत दोन-तीन पुस्तके आडवी टाकावीत आणि गाडी त्यांवरून न्यावी. बहुधा ती अडते, आणि अडण्याचे प्रकारही अनेक असतात.

पहिला प्रकार असा, की एक चाक पुस्तकावर चढते आणि दुसरे अधांतरी राहते. तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही, चार पायांचे टेबल मात्र डगमगते. कारण तीन बिंदू सदैव एका प्रतलात असतात, चौथा असेलच असे नाही. भूमितीचे हे तत्त्व येथे हाताला लागते. त्यावरील उपाय शेतातल्या ट्रॅक्टरने कधीच सांगून ठेवला आहे. त्याचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलता असतो. तशीच रचना प्रतिकृतीत केली की चारही चाके जमिनीला टेकून राहतात.

दुसरा प्रकार शक्तीचा. मोटर वेगाने फिरते, पण चढावर दम तोडते. तेव्हा ८ दात्यांच्या चाकाने २४ दात्यांचे चाक फिरवावे. वेग एक तृतीयांश होतो. फिरविण्याचा जोर, घर्षणात जाणारा भाग सोडला तर, तिप्पट होतो. असे दोन टप्पे घेतले की वेग नवव्या हिश्श्यावर येतो आणि जोर त्याच प्रमाणात वाढतो. चढणीवर सायकलचा गिअर बदलणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. तथापि येथे नवे संकट उभे राहते. तो वाढलेला जोर प्लॅस्टिकच्या बारीक आसाला सोसत नाही. तो पिळवटतो, सांधा निसटतो. मग विचार करता करता लक्षात येते, की जोर वाढविण्याचे काम मोटरजवळ न करता चाकाजवळ करावे. म्हणजे मधले सारे आस हलक्या जोराने, वेगात फिरतील आणि भार केवळ शेवटच्या टप्प्यावर येईल. या युक्तीत आणखी एक लाभ दडलेला आहे. ८ आणि २४ दात्यांच्या चाकांच्या केंद्रांतील अंतर १६ मि.मी., म्हणजे नेमकी दोन छिद्रे असते. लहान चाक वर आणि मोठे चाक खाली अशी जोडी चाकाच्या तुंब्यात बसविली की आस १६ मि.मी. वर उचलला जातो आणि गाडीचे पोट दगडाला घासत नाही. जर्मनीतील ‘युनिमॉग’ ही खडतर कामाची गाडी अशाच उंचावलेल्या आसांसाठी प्रसिद्ध आहे, आणि २०११ मध्ये निघालेल्या तिच्या लेगो प्रतिकृतीतही ही रचना आहे.

तिसरा प्रकार पावसाळ्यात चिखलात रुतलेला ट्रक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना परिचित असेल. एक चाक गरगर फिरते आणि दुसरे स्वस्थ उभे असते. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल गाडीत बसवितात. एक चाक हवेत लोंबकळले की सारी गती त्याच्याकडेच धावते, ही त्याची दुसरी बाजू. तो काढून टाकला तर चढ चढता येतो, परंतु वळणे अवघड होते आणि आसांवर ताण येतो. येथे मुलाला एक गंभीर गोष्ट उमगते. प्रत्येक सुधारणेची किंमत असते. मोठे टायर घेतले तर अधिक जोर हवा. पोट उंच केले तर गाडी कलंडण्याचा धोका. मग बॅटरीची जड पेटी शक्य तितकी खाली आणावी, गाडी फळीवर ठेवून फळीची एक बाजू हळूहळू उचलावी आणि कोणत्या अंशाला ती उलटते, हे कोनमापकाने मोजावे. सर्वगुणसंपन्न गाडी अस्तित्वात नसते. आपली वाट कोणती हे ओळखून गुणांची निवड करावी लागते.

या साऱ्या खटाटोपात सुधारण्याची रीत सर्वांत महत्त्वाची. एका वेळी एकच बदल करावा. चाचणीची फळी तीच ठेवावी, उतार तोच ठेवावा. काय बदलले आणि काय घडले, हे वहीत लिहावे. एकदम चार बदल केले आणि गाडी चढली, तर कोणत्या बदलाने चढली हे कोणालाही सांगता येणार नाही. शेवटी, गाडी नीट चालू लागल्यावर, कोणता भाग काढला तरी चालेल याचा शोध घ्यावा. अनावश्यक वजन उतरले की तीच मोटर पुढचा दगडही पार करते. उत्तम निबंधाची अंतिम वाचनात जी काटछाट होते, तिचेच हे यंत्रातले रूप होय.

महागड्या संचाविषयी पालकांशी दोन शब्द बोलणे येथे उचित ठरेल. वाढदिवसाला संच येतो, सोबतच्या पुस्तिकेतील चित्रे पाहून गाडी पूर्ण होते आणि काचेच्या कपाटात जाऊन बसते. ‘मोडू नकोस, एवढे पैसे घातले आहेत,’ असे प्रेमानेच बजावले जाते. पुस्तिकेप्रमाणे जुळविणे हा कित्ता गिरविण्याचा भाग आहे आणि त्याचे महत्त्व आहेच. पण कित्ता गिरवून अक्षर वळणदार होते, स्वतःचे वाक्य त्यानंतर लिहायचे असते. ते वाक्य लिहिण्यासाठी कपाटातली गाडी मोडावी लागते. २०१३ मध्ये या डॅनिश कंपनीने खडतर वाटेवरच्या गाडीचा २०,००० प्रतींचा खास संच काढला, त्याचा आराखडा स्पर्धेत विजयी ठरलेल्या एका हौशी रचनाकाराचा होता. पुस्तिकेपलीकडे जाणाऱ्यांना पुस्तिका काढणाऱ्यांनीच दिलेली ती दाद होती.

आणि संच परवडत नसेल तर? या विद्येचे मर्म प्लॅस्टिकमध्ये नाही. अरविंद गुप्ता यांनी होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या काळात आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून मेकॅनो घडविला आणि पुढे पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंची असंख्य खेळणी मुलांच्या हाती दिली. शाळेत विटांची एकच सामायिक पेटी असली आणि एका गटाने गाडी मोडून पुढच्या गटाच्या स्वाधीन केली, तरी पुरे. जे मोडावे लागते, त्याची टिपणे अधिक काळजीने ठेवली जातात, हा त्यातला अनपेक्षित फायदा.

अखेरचा मुद्दा भाषेचा. मराठी मुलखापासून दूर राहणाऱ्या कुटुंबात एक प्रश्न नेहमी डोके वर काढतो : रस्त्यावर एक भाषा, बाजारात तीच, पुढे महाविद्यालयात इंग्रजी, मग यंत्रांच्या जगात मराठीतून शिकलेले मूल टिकेल काय? या शंकेमागे पालकांची खरी काळजी आहे आणि तिला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. उत्तर त्या टेबलापाशी मिळते. गाडी अडली की मुलाला विचारावे, ‘का अडली?’ ‘मागचं डावं चाक उचललं गेलं, म्हणून जोर तिकडेच गेला,’ असे मूल सांगते, तेव्हा त्या वाक्यातले ‘म्हणून’ हेच विज्ञान असते. डिफरन्शियल हा शब्द इंग्रजी असो, गिअरही असो. ते शब्द मूल सहज उचलते. परंतु कारण आणि कार्य यांना जोडणारे ‘म्हणून’, ‘कारण’, ‘जर-तर’ हे सांधे ज्या भाषेत पक्के बसतात, त्या भाषेत विचाराचा आस पिळवटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही जेथे शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. एका भाषेत कारण सांगता आले की दुसऱ्या भाषेत ते मांडण्यासाठी नवे शब्द शिकणे एवढेच उरते.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना तीन विनंत्या. घरातील एक तरी पूर्ण झालेली गाडी मुलाला मोडू द्यावी. ती अडली की दुरुस्त करून देण्याऐवजी ‘का?’ एवढेच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा. आणि जे माजी विद्यार्थी आज कारखान्यांत, कार्यशाळांत, संशोधनसंस्थांत काम करीत आहेत, त्यांनी वर्षातून एक दुपार या टेबलापाशी येऊन बसावे. काही शिकविण्यासाठी नसले तरी चालेल, मुलांची कारणे ऐकण्यासाठी. सहा दशके या विद्यालयाची गाडीही सपाट रस्त्यावरून गेलेली नाही. प्रत्येक अडथळ्यापाशी कोणीतरी उतरून कारण शोधले, म्हणूनच ती आज येथवर पोहोचली आहे.

प्रदर्शन खुले झाले, असे जाहीर करण्यात येत आहे.