निवडायचे राहून गेले

आज एका इंग्रजी विशेषणाचा विचार करावयाचा आहे : ‘इन्डिस्क्रिमिनेट’. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘चाळणे, वेगळे काढणे’ अशा अर्थाच्या धातूत आहे. नवल असे की, आपला ‘विवेक’ हा शब्दही वेगळे करणे ह्याच अर्थाच्या ‘विच्’ धातूपासून झाला आहे. तांदूळ निवडताना गृहिणी जे करते, ते न करता तसेच शिजत घालणे, हा ह्या विशेषणाचा भाव होय.

येथे एक फसगत संभवते. ‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणजे भेदभाव. तेव्हा हे विशेषण समदृष्टीचे वाचक असावे, असे वाटते. परंतु त्यात बहुधा निंदाच असते. समदृष्टीचा मनुष्य भेद ओळखूनही न्यायाने वागतो. ह्याला भेद दिसतच नाही.

मराठीत एकच प्रतिशब्द सर्वत्र चालावयाचा नाही. वृक्षतोड ‘बेसुमार’, गोळीबार ‘अंदाधुंद’, स्तुती ‘सरसकट’. हाती येईल ते वाचणारा वाचक मात्र ‘चोखंदळ नसलेला’. जिनीव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पुरवणी-करारात, सैनिक व नागरिक असा भेद न करणाऱ्या हल्ल्यांना हेच विशेषण लावून ते निषिद्ध ठरविले आहेत. ताटातला खडा दाताखाली येतो. तेथे निवड न केल्याने माणसे मरतात.

म्हणून हा शब्द भेटला की प्रथम विचारावे, येथे काय निवडावयाचे राहिले? उत्तर मिळाले की प्रतिशब्द दूर नसतो.