विनंती कशाची?

(वरवट बकाल येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी दहावी पास. मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो आणि कविता लिहितो. मी विद्यापीठाच्या अर्जावर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू येईल. येऊ द्या. कागद मागणाऱ्यापुढं आपला माणूस कसा वाकतो, ते मी गोदीच्या गेटावर रोज बघतो.

आपल्या इथल्याच एका पोरानं खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर पीएच.डी. केली. आता परदेशातल्या एका विद्यापीठात मास्तरकीचा अर्ज भरतोय. त्यांनी संशोधनाच्या कागदासोबत 'डायव्हर्सिटी स्टेटमेंट' मागितलंय. म्हणजे एक-दोन पानं: वर्गात नाना थरांतली पोरं येतील, त्यांच्यासाठी तुम्ही आजवर काय केलं, पुढं काय करणार? त्यानं काल कच्चा कागद दाखवला. पाऊण पान आईचं फाटकं लुगडं, गळकं छप्पर, शाळेतल्या शिव्या. पाण्यावर दोन ओळी. शेवटी 'संधी द्यावी ही नम्र विनंती'.

च्यायला, विनंती कशाची?

लुगडं खोटं नाही. पण ते कुणी विचारलंच नव्हतं. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठानं हे कागद तपासायला तक्ता केला होता. त्यात तीन गोष्टी: प्रश्नाची जाण, केलेलं काम, पुढची योजना. अश्रूंना खाना नाही. आणि हा गडी दर रविवारी पोरांना हातपंपाचं पाणी तपासायला शिकवतो! कुठल्या वस्तीचं पाणी खारट, टँकर आधी कुणाच्या दारी थांबतो, याचा नकाशा त्या पोरांनी काढलाय. ज्या भागात किडनीच्या आजारानं घरंच्या घरं बसली, तिथं हे काम. त्याची एक ओळ नाही कागदात! आपल्यापाशी विकायला दुःखच तेवढं आहे, हे व्यवस्थेनं आपल्या हाडात भरलंय.

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. अस्पृश्यता म्हणजे काय ते परदेशी माणसाला कळावं म्हणून लिहिलेलं. सहा प्रसंग. चार स्वतःचे, दोन दुसऱ्यांचे. 1901 साली साताऱ्याहून वडलांकडं निघालेली पोरं. गाडीवान दुप्पट भाडं घेतो आणि बैल पोरांनाच हाकायला लावतो. जवळ डबा आहे, पाणी मिळत नाही. पुढं दौलताबादच्या किल्ल्यावर, पुन्हा पाणीच. गाव, साल, कोण काय बोललं, ते सगळं आहे. गयावया कुठं नाही. वाचणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं.

दुसरी गंमत. तिकडं आपल्याकडचा सवर्ण पोरगाही 'गोऱ्यांच्या देशातला सावळा' म्हणून हाच कागद भरतो. त्याच्या आजोबाच्या विहिरीवर कोण चढू शकत नव्हतं, ते कुणी विचारत नाही. साहेबाला सगळे इंडियन सारखेच. ब्रॅंडाइस विद्यापीठानं 2019 साली भेदभावबंदीत जात घातली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं 2022 साली. पण 2023 साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरानं जातीविरुद्धचं बिल अडवलंच. म्हणून कागदात 'वंचित समाज' असलं मोघम लिहू नकोस. जात म्हणजे पाण्याचा रस्ता कोण अडवतो, ते लिही.

कुणी म्हणेल, हे कागदच आता बंद होतायत. खरंय. एमआयटीनं 2024 साली बंद केले, कॅलिफोर्निया विद्यापीठानं 2025 साली. तिथल्या सरकारालाच हा शब्द खुपतोय. उद्या सगळीकडं बंद झाले तरी हातपंप खाराच राहणार आणि नकाशाही खराच. तो मग संशोधनाच्या कागदात घाल. तिथं तर तो पहिल्या पानावर पाहिजे.

मुदत परवाची आहे. आज रात्री त्या नकाशाच्या पोरांना बोलव. कोणी कुठला पंप तपासला, किती रविवार, काय सापडलं, ते त्यांच्याकडून लिहून घे. विनंतीची ओळ मी पेनानं खोडलीय.

जयभीम.